स्लरीच्या तोंडाशी

ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ ही गावं लागतात. कुठलं कुठे संपलं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. मुंबईत जकात होती तेव्हा नाक्याच्या अलीकडे माल उतरवून ठेवायला हा पट्टा व्यापाऱ्यांना सोयीचा पडला. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. भाताच्या खाचरांवर पत्र्याच्या शेडी चढल्या. पूर्णा आज ओळखलं जातं ते गोदामांमुळे.

शेती आक्रसली म्हणून जनावरं गेली असं मात्र झालं नाही. मुंबई-ठाण्याला पहाटेचं म्हशीचं दूध लागतंच. शहरातले तबेले बाहेर काढायचे म्हणून १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली, पुढे दापचरीचा प्रकल्प आला, तरी कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात तबेले आहेतच. एक म्हैस दिवसाला साधारण पंधरा किलो शेण टाकते असं धरतात. शंभर म्हशींचा तबेला असेल तर रोजचं दीड टन. पूर्वी हे शेण घ्यायला शेजारी शेत होतं, आता शेजारी लॉजिस्टिक पार्क. मग शेण पाण्याच्या पाइपाने ढकलत नाल्यात, आणि नाला खाडीत.

यावर पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सगळे एकच उपाय सांगतात, गोबरगॅस. उपाय खराच चांगला आहे. एक किलो शेणातून चाळीस लिटरच्या आसपास गॅस निघतो. म्हणजे त्या दीड टनातून रोज साठ घनमीटर. त्याची चूल पेटते, जनरेटर चालतो. या हिशेबात एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. गॅस निघाला म्हणून शेण संपत नाही. शेणात तितकंच पाणी कालवून टाकीत सोडायचं असतं, त्यामुळे दीड टन आत गेलं की जवळपास तीन टन पातळ स्लरी दुसऱ्या तोंडाने बाहेर येते. आणि या स्लरीबद्दल सगळीकडे एक ठाम समजूत आहे की ती ‘शुद्ध’ असते. शेण गॅसमध्ये जाऊन आलं, आता त्यात काही राहिलं नाही. हा लेख त्या समजुतीबद्दल आहे.

घरगुती प्लँट जवळून पाहिला तर ही समजूत कुठून आली ते लगेच लक्षात येतं. एका बाजूला कमरेइतका सिमेंटचा हौद असतो, त्यात सकाळी घमेल्याने शेण पडतं. हाताने किंवा फिरकीने ते कालवतात, गुठळ्या फोडतात, काडीकचरा वेचून बाजूला टाकतात, आणि बोळा काढला की हिरवट काला पाइपातून खाली जातो. तिथे माश्या घोंगावत असतात, वास नाकात बसतो. मधे जमिनीत गाडलेली विहिरीसारखी टाकी, तिच्यावर तरंगणारा लोखंडी किंवा फायबरचा ड्रम. गॅस भरला की ड्रम वर येतो, चूल पेटली की खाली बसतो. पलीकडच्या तोंडाशी मात्र चित्र बदललेलं असतं. काळसर, मऊ, साबणासारखी बुळबुळीत स्लरी बाहेर सांडते. वास जवळजवळ नाही, माश्या नाहीत. नाकाला आणि डोळ्यांना जे चांगलं दिसतं ते चांगलंच असणार, असं कोणालाही वाटेल.

पण वास येतो तो आम्लांचा आणि सहज कुजणाऱ्या पदार्थांचा. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव तेच खातात, म्हणून वास जातो. रोगजंतूंना वास नसतो. ते त्या टाकीत वेगळ्याच कारणांनी मरतात, आणि मरायला त्यांना वेळ लागतो.

गोबरगॅसचा इतिहास पाहिला तर जंतू मारणं हा त्याचा मूळ हेतू कधीच नव्हता. या इतिहासाचं पहिलं पान मुंबईतलंच आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरला गेला. अनेक पुस्तकांत या प्रयोगाचं साल १८५९ असं छापलेलं सापडतं, आणि एकाने छापलं म्हणून दुसरा छापतो. अ‍ॅकवर्थ यांच्या नावाने आज वडाळ्यात ओळखली जाणारी ती संस्थाच मुळी १८९० ची आहे. पुढे १९३९ च्या आसपास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी पन्नासच्या दशकात तरंगत्या टोपीचा ‘ग्रामलक्ष्मी’ प्लँट घडवला, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. गोवऱ्या जाळून खत वाया जातं, तेव्हा जाळणंही साधावं आणि खतही राहावं, ही त्यामागची कळकळ होती. १९८१-८२ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही प्लँटचा आकार मोजला गेला तो घनमीटर गॅसमध्ये. स्लरीत काय उरलं हे मोजायचं काम कोणाकडे सोपवलेलं नव्हतं.

ते मोजलं डेन्मार्कने. तिथे अनेक गोठ्यांचं शेण एका मोठ्या प्लँटवर आणायचं आणि स्लरी पुन्हा सगळ्यांच्या शेतात वाटायची अशी पद्धत आली, तेव्हा एका गोठ्यातला रोग दहा गोठ्यांत जाईल की काय ही भीती उभी राहिली. बेंडिक्सेन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे त्या कामातले. जंतूंची संख्या एक दशांशावर यायला, म्हणजे शंभरातले नव्वद मरायला, किती वेळ लागतो हे त्यांनी दिलं आहे. टाकी ३५ अंशाला असेल तर ई. कोलायला १.८ दिवस, साल्मोनेला टायफीम्युरियमला २.४ दिवस. गाईंच्या आतड्याला कायमचा जुलाब लावणाऱ्या जोन्स रोगाच्या जंतूला सहा दिवस. हीच टाकी ५३ अंशाला नेली की दिवसांचे तास होतात, खरं तर तासही नाही: साल्मोनेलाला ०.७ तास, ई. कोलायला ०.४. उलट शेण नुसतंच टाकीत साठवून ठेवलं, १८ ते २१ अंशाला, तर याच दोघांना दोन-दोन आठवडे लागतात.

आता आपल्याकडे महाराष्ट्रासारख्या उष्ण मुलखात शेण टाकीत तीस ते चाळीस दिवस राहील असा हिशेब धरून प्लँट बांधतात. १.८ दिवसाला नव्वद टक्के मरत असतील तर चाळीस दिवसांत एकही ई. कोलाय उरायला नको. तरीही तो स्लरीत सापडतो.

याचं कारण ‘चाळीस दिवस’ ही सरासरी आहे. देवळातल्या दर्शनाच्या रांगेत जो आधी उभा राहिला तो आधी बाहेर पडतो; जत्रेच्या गर्दीत मात्र आत्ता शिरलेला माणूस पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाला निघू शकतो, आणि सकाळी आलेला संध्याकाळपर्यंत तिथेच अडकतो. आपली गोल टाकी जत्रेसारखी आहे. रोज नवं शेण आत पडतं, आतल्या आत ढवळलं जातं, आणि रोज तितकंच बाहेर ढकललं जातं. त्या बाहेर पडणाऱ्यात थोडं कालचंही असतं. नीट ढवळल्या जाणाऱ्या टाकीचं गणित कागदावर मांडलं तर ३५ अंशाला, चाळीस दिवसांच्या सरासरीने, दर दहा लाख ई. कोलायमागे वीसेक हजार जिवंत बाहेर येतात. अठ्ठ्याण्णव टक्के मेले हे खरं. पण गाईम्हशींच्या एका ग्रॅम ताज्या शेणात हे जंतू लाखांनी असतात. त्यातले दोन टक्के म्हणजे काही नगण्य नाहीत. शिवाय भिवंडीत जमिनीखालच्या टाकीला कोणी ३५ अंशाची हमी दिलेली नाही. थंडीत ती त्याखाली असते, आणि मग दिवस वाढतात.

खादी ग्रामोद्योग आयोगाच्या मोठ्या, खोल टाक्यांमध्ये मधोमध एक भिंत घालतात. आत आलेलं शेण भिंतीवरून चढून पलीकडे जातं, त्यामुळे थेट निसटायची वाट बंद होते. ही भिंत गॅससाठी म्हणून घातली गेली, जंतूंच्या बाबतीतही ती कामाची ठरते. आता कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघाच्या सभासदांच्या गोठ्यांमागे जे लांबट पिशवीसारखे प्लँट दिसतात, त्यांचा आकारही याच बाजूने उपयोगी आहे. शेण एका टोकाने शिरतं आणि बरंचसं ओळीनेच पुढे सरकत दुसऱ्या टोकाला पोचतं. गोल टाकीपेक्षा लांब टाकी बरी, ही गोष्ट अनुदानाचा अर्ज भरताना गोठेवाल्याला कोणी सांगत असेल असं मला वाटत नाही.

सगळे जंतू एका मापाचे नसतात, हे गोठ्यात वावरणाऱ्यांना पुस्तकाआधी ठाऊक असतं. घटसर्प आला की रात्रीत जनावर जातं. त्याचा जंतू शरीराबाहेर मात्र फार टिकाऊ नाही. फऱ्या आणि फाशी यांची गोष्ट निराळी. या दोन्ही रोगांचे जंतू बीजाणू करून बसतात. बीजाणू म्हणजे जंतूने स्वतःला कवचात बंद करून घेणं: खाणं नाही, वाढणं नाही, नुसतं थांबणं. फाशीचे बीजाणू मातीत कित्येक दशकं थांबू शकतात. गोबरगॅसच्या टाकीतल्या चाळीस दिवसांनी त्यांचं काही बिघडत नाही. फऱ्याच्या जंतूच्या कुळातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स डॅनिश अभ्यासातही ३५ अंशाच्या टाकीत कमी झालेला दिसत नाही. त्याला तर हवा नसलेली जागाच मानवते. म्हणून फाशीचा संशय असलेलं जनावर फाडायचंच नाही, खोल खड्ड्यात चुन्यासह पुरायचं, आणि त्याच्या खालचं शेण-गवत प्लँटकडे न्यायचंच नाही.

दुसरं प्रकरण वारेचं. गाय किंवा म्हैस व्याली की पडलेली वार उकिरड्यावर टाकायची रीत आहे. गोबरगॅस आला तशी ती काही ठिकाणी प्लँटच्या हौदात जाऊ लागली, ‘त्यानेही गॅस होतो’ म्हणून. सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस जनावरात असेल, तर त्याचे जंतू सर्वांत जास्त याच वारेत आणि गाभाच्या पाण्यात असतात, आणि उघड्या हाताने ती उचलणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप देतात. टाकीत गेल्यावर त्यातले पुष्कळ मरतीलही. धोका आहे तो हौदाशी, कालवणाऱ्या हातांना. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना एकदा लस द्यायची. टाकीच्या जंतुशास्त्रापेक्षा ही एक सुई जास्त काम करते.

महाराष्ट्रात या विषयाला खऱ्या अर्थाने हात घातला तो एका डॉक्टरने, आणि तोही गोठ्याच्या नव्हे, संडासाच्या बाजूने. डॉ. मापुसकर १९६० च्या आसपास देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. समोर येणारे रुग्ण जंतांचे, जुलाबाचे. गोळ्या देऊन पाठवायचं आणि त्यांनी पुन्हा यायचं. संडास बांधायची मोहीम काढली तर पहिल्या खेपेचे संडास पावसात ढासळले. या प्रवासात त्यांना आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कामाचा आधार मिळाला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातले हे ‘कोकणचे गांधी’. सफाईचं काम करायला मिळावं म्हणून त्यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केलं होतं. संडास थेट गोबरगॅसच्या टाकीला जोडायचा, आणि टाकीची रचनाच अशी करायची की मैला कोणाच्या हाताला लागणार नाही, आत पुरेसा काळ राहील, आणि जंतांची अंडी तळाशी बसतील, असा ‘मलप्रभा’ प्लँट मापुसकरांनी देहूत घरोघर रुजवला. तुकोबांच्या गावात मैल्यावर भाकरी भाजायची, या कल्पनेला लोक तयार कसे झाले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मापुसकर २०१५ मध्ये गेले, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

देहूच्या कामातली एक बाब गोठ्याच्या प्लँटवाल्यांनी उचलायला हवी होती. तिथे सुरुवात जंतूपासून झाली आणि गॅस मागून आला. सत्तरच्या दशकात चीनने सिच्वान प्रांतात लाखो प्लँट बांधले तेव्हाही रक्तकृमीचा रोग आवरणं हा एक हेतू होता. तिथे स्लरी बाहेर काढणारं तोंड टाकीच्या तळाशी न ठेवता मधल्या पातळीवर ठेवत, कारण अंडी जड असतात आणि खाली बसतात. त्याची दुसरी बाजू अशी की काही वर्षांनी टाकी रिकामी करून गाळ उपसतात तो गाळ सगळ्यांत घातक. आपल्याकडे तो ‘जुनं खत’ म्हणून सर्वांत आधी वाफ्यात जातो.

वेळेचा भरवसा नसेल तर उष्णतेचा धरावा लागतो. युरोपात कत्तलखान्यातला आणि उष्ट्या अन्नाचा माल गॅस प्लँटमध्ये घालायचा तर तो १२ मिलिमीटरपेक्षा बारीक करून ७० अंशाला सलग एक तास तापवावा लागतो, आणि बाहेर पडणाऱ्या मालाच्या २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला सापडता कामा नये. बीजाणू या तासालाही दाद देत नाहीत, हे तिथले शास्त्रज्ञही मान्य करतात. आपल्याकडे उष्णतेचा विचार झाला तो तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. डॉ. शरद काळे यांच्या ‘निसर्गऋण’ प्लँटमध्ये कचरा मिथेनच्या टाकीत जाण्याआधी एका वेगळ्या टाकीत थांबतो. तिथे गरम पाणी आणि हवा देऊन उष्णता मानवणाऱ्या जिवाणूंना काम करू देतात. हेतू कचरा लवकर विरघळावा हा होता, पण शेणातल्या जंतूंना ती पायरी जड जाते हा फायदा आपोआप मिळतो.

आणि उष्णतेने वाफा निर्जंतुक करायची पद्धत तर ठाणे जिल्ह्याच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. राब. उन्हाळ्यात आवण टाकायच्या जागेवर शेणाचा थर, त्यावर डहाळ्या, गवत, पाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, तासन्‌तास धुमसते. तण येत नाही आणि रोप तरारतं म्हणून राब भाजतात. कृषी खात्याचा राबाला विरोध आहे, तो झाडांच्या तोडीमुळे, आणि तो रास्तही आहे. पण तापलेल्या मातीत किडा-कीटक-जंतू राहत नाही हे ज्ञान या भागात बाहेरून आणायची गरज नव्हती.

यावरून कोणी गोबरगॅसलाच नावं ठेवू लागेल, तर तेही बरोबर नाही. जर्मनीत काही वर्षांपूर्वी गॅस प्लँटच्या स्लरीमुळे गाईंना बॉटुलिझम होतो अशी आवई उठली होती. तपासण्या झाल्या, टाकीत तो जंतू वाढतो याला आधार मिळाला नाही. नाल्यात सोडलेल्या कच्च्या शेणापेक्षा स्लरी कितीतरी पटीने सुरक्षित आहे. मला जास्त काळजी वाटते ती तबेल्यातल्या औषधांची. दूध आटलं, कास सुजली की स्वतःच्या मनाने प्रतिजैविकं टोचली जातात, आणि औषधाला न जुमानणारे जंतू शेणात उतरतात. जंतू टाकीत मेला तरी ती सवय ज्या जनुकांत असते त्यातली काही शिल्लक राहतात, शेजारच्या जिवंत जंतूकडे जातात. चाळीस दिवस पुरे की नाहीत, हे गणित इथे लागू पडत नाही.

मग स्लरीचं करायचं काय? कोरड्या मुलखात सोपं आहे. दोन उथळ खड्डे, एक भरायचा तर दुसरा वाळत ठेवायचा. स्लरीत पालापाचोळा मिसळून ढीग घातला की आतलं तापमान ५५ अंशाच्या वर जातं, कडेचा भाग आत यावा म्हणून तो पुन्हा पुन्हा उलटायचा. पंधरा दिवसांत पाच वेळा उलटावा असा अमेरिकेतला नियम आहे. भिवंडीत हे आठ महिने जमेल. जून ते सप्टेंबर खड्ड्यावर पत्रा नसेल तर स्लरी आणि पावसाचं पाणी एकत्र भरून वाहतं, आणि त्याच पाण्यात माणसं अनवाणी उतरतात.

पिकाचाही विचार करायला हवा. कच्चं शेणखत घातल्यापासून, मातीला टेकणारं आणि कच्चं खाल्लं जाणारं पीक काढेपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावेत, असा अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीचा दंडक आहे. घरगुती स्लरीला मी तोच लावीन. भाताला तो सहज लागू होतो: पीक चार महिन्यांचं, आणि तांदूळ शिजवूनच खायचा. कोथिंबीर मात्र चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघते, मेथी महिन्यात. मुळा, पुदिना, कांद्याची पात यांच्या वाफ्यात ताजी स्लरी ओतणं म्हणजे ती थेट कोशिंबिरीत ओतणं. पूर्णेच्या आसपास नेमकं भात कमी होत गेलं आहे, आणि गोदामांच्या मधल्या तुकड्यांवर काही पिकवायचं तर ती पालेभाजीच परवडते.

तबेल्याच्या तीन टन स्लरीसाठी शहापूर-मुरबाडच्या भातापर्यंत रोज टँकर पाठवायचा तर डिझेलमध्येच गॅसचा फायदा संपेल. त्यापेक्षा स्लरी स्क्रू प्रेसमधून पिळून घेणं व्यवहाराला धरून आहे. चोथा वेगळा निघतो, तो पत्र्याखाली ढीग करून तापवता येतो, पोत्यात भरून विकता येतो. पाणी उरतं ते पुन्हा हौदात शेण कालवायला घ्यायचं. नळाचं पाणी वाचतं, आणि उरलेले जंतू शेतात जायच्याऐवजी आणखी एक फेरा टाकीतच मारतात. फार दिवस तेच पाणी फिरवलं तर अमोनिया साठून गॅस कमी होतो, म्हणून मधूनमधून ताजं पाणी द्यावं लागतं.